कडक भाकरी आणि कार्ल्सरूह

मंडळी, आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्यात, उरलेल्या माझ्या!

गेल्या ऑक्टोबरात एका सेमिस्टरसाठी जर्मनीतल्या कार्ल्सरूहला जायची संधी मिळाली. मला कसलंच टेन्शन नव्हतं. इंग्लिश फाडफाड येतं, मग घाबरायचं कशाला? रूममेटने मात्र तिच्या आईने सोलापूरहून पाठवलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी माझ्या बॅगेत कोंबली. "अगं, तिकडे सगळं मिळतं," मी वैतागून म्हटलं.

शनिवारी रात्री उशिरा पोचले. रविवारी दूध-ब्रेड आणायला बाहेर पडले तर अख्खं गाव बंद! तिकडे रविवारी दुकानं उघडतच नाहीत, उघडली तर रेल्वे स्टेशनातली. पण हे मला कळलं पुढच्या आठवड्यात. तो दिवस कशावर निघाला ते सांगायला नकोच. भाकरी मोडताना असा कडाड आवाज व्हायचा, की शेजारची तुर्की मुलगी दार वाजवून बघून गेली.

गाव छान आहे. १७१५ साली वसवलेलं, मधोमध राजवाडा आणि तिथून पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले रस्ते. ज्याचं नाव लिहून लिहून आपण कंटाळतो, त्या हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरींचे प्रयोग १८८६ ते १८८८ या काळात इथेच केले. लेक्चर संपलं की मुलं टाळ्या नाही वाजवत, बाकावर बोटांनी टकटक करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, सरांची हुर्यो चाललीय! (आपल्याकडे कोणी करून बघू नका.)

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत सरकारदरबारी पत्ता नोंदवावा लागतो, घरमालकाच्या सहीच्या कागदासकट. मी तो कागद न घेताच गेले. टेबलापलीकडच्या बाई जर्मनमध्ये शांतपणे काहीतरी समजावत होत्या आणि मी इंग्लिशमध्ये आणखी जोरात, आणखी भरभर बोलत होते. मागे कोणीतरी हसलं. माझ्यावर की आपापसात, देव जाणे. माझे कान मात्र गरम झाले. तशीच परत आले.

ट्राममध्ये एकदम फर्स्ट इयर आठवलं. रूममेट मराठी माध्यमाची. फिजिक्सच्या व्हायवात 'हिस्टेरिसिस' म्हणताना ती तीनदा अडखळली. रात्री मेसमध्ये तिची नक्कल कोणी केली? मीच. सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर सेमिस्टरभर तिने वर्गात एकही शंका विचारली नव्हती. मी शेजारीच बसायचे, तरी माझ्या लक्षात यायला ट्राममध्ये बसावं लागलं.

त्या रात्री तिला फोन लावला. माझे आठ, म्हणजे हॉस्टेलचे साडेअकरा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, "ते हिस्टेरिसिसचं... सॉरी गं."

पलीकडे जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"कुठलं? मला नाही आठवत," ती म्हणाली.

तिला आठवत होतं. लगेच आवाज बदलून तिने विचारलं, "बरं, चटणी उरलीय का गं? का संपवलीस?"

"दोन चमचे आहे."

"मग पुरवून खा की! आणि तो कागद घे उद्या आधी."