कल्याणच्या पोटात

कल्याण म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? इंडिकेटर, चौथी सीट आणि पुलावरची चेंगराचेंगरी, बरोबर? मी डोंबिवलीकर, त्यामुळे माझंही तेच. पण गेल्या रविवारी पुरातत्त्व शिकलेली एक मैत्रीण म्हणाली, ‘‘चल, दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर दाखवते.’’ ठाकुर्ली मागे टाकून कल्याणला उतरलो, रिक्षा केली आणि पोचलो कुठे? पारनाक्याजवळ, एका नव्या बिल्डिंगच्या पायाच्या खड्ड्याशी!

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात कल्याण आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचे दानशूर आहेत. ते जुनं शहर मात्र आजच्या गजबजाटाखाली.

वॉचमनकाकांना पटवून आम्ही खाली उतरलो. खड्ड्याची भिंत म्हणजे कापलेला लेयर केक! वर डेब्रिज, मग विटा-चुना, मग राखाडी पट्टा, तळाशी पिवळसर माती. खाली एक लाल खापर दिसलं. मी ते ओढून काढलं. ‘‘सॉल्लिड! दोन हजार वर्षं जुनं!’’

तिने कपाळावर हात मारला. ‘‘अरे, कुठल्या थरातून काढलंस?’’

मग तिने भिंतीवरचा काळसर, पिशवीसारखा आकार दाखवला. कधीतरी कुणीतरी वरच्या थरातून कचऱ्याचा खड्डा खणला होता. त्यातली वस्तू खोल सापडली, तरी ती नंतरचीच. माझं खापर त्या खड्ड्यातलं की शेजारच्या जुन्या मातीतलं? माती ढासळली होती. आता ते कुणीच सांगू शकणार नव्हतं.

खऱ्या उत्खननात भिंत ओळंब्यात सरळ ठेवतात, खरवडून साफ करतात, रंग उठावेत म्हणून पाणी शिंपडतात. थरांना वरून खाली नंबर देतात, दोरी लावून मापं घेतात आणि ग्राफपेपरवर चित्र काढतात. खापरांच्या प्रत्येक पिशवीवर थराचा नंबर लिहितात. कारण खणलेली माती परत तशी रचता येत नाही, उरतं ते हे चित्र. १९४४ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तक्षशिलेला तरुणांना हीच शिस्त शिकवली. इनामगावच्या उत्खननात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी माळवा आणि जोर्वे संस्कृतींचा क्रम लावला, तोही थरांवरूनच.

सोमवारी त्या खड्ड्यात काँक्रीट पडलं. खापर माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे. ‘किती जुनं रे?’ असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो.

तुमच्या गल्लीतही खड्डा खणलाय? परवानगी घेऊन जरूर डोकवा, शेजारी स्केलपट्टी धरून फोटो काढा. हात मात्र खिशातच ठेवा!