लेकरांच्या उंचीचाही हिशेब ठेवा

आपल्या घरांतून लेकरांच्या मार्कांची चौकशी होते. पहिला नंबर आला की पेढे वाटले जातात. पण वर्षभरात पोर किती वाढले, वजन किती भरले, असे विचारले की बहुतेक आईबाप एकमेकांकडे पाहतात.

आम्ही पडलो कारकून. बी.कॉम. झालो आणि सारी नोकरी आकड्यांत गेली. वस्तीतल्या मुलांची शाळेतील आरोग्यपत्रके चाळताना सहावीतल्या एका मुलीच्या पत्रकावर आमची नजर अडली. पाचवीत उंची १३३ सें.मी., सहावीत १३१! पोर काय धुतलेल्या कापडासारखे आटते? कुणीतरी न मोजताच रकाना भरला होता.

तिच्या घरी जाऊन आम्ही स्वतः मोजले. उंची १३०, वजन २४ किलो, वय नुकतेच ११ पूर्ण. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे या वयाच्या मुलीची मध्यम उंची १४५ च्या आसपास असते. १३१ च्याही खाली म्हणजे वाढ खुंटलेली. आई म्हणाली, "दादा, आमच्या घराण्यातच ठेंगणी माणसं."

घराण्याचा वाटा असतोच, पण सारा दोष त्याच्या माथी मारू नये. भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुस्थितीतल्या घरांची बाळे या संघटनेने मोजली. २००६ साली निष्कर्ष आला: पोटभर सकस अन्न, आईचे दूध आणि स्वच्छता मिळाली, तर पाच वर्षांपर्यंत सगळीकडची मुले जवळपास सारखीच वाढतात. आपले आजे-पणजे ठेंगणे राहिले, त्यात रक्ताचा भाग किती आणि अर्धपोटी दिवसांचा किती, याचा विचार आपणच करावा.

उंची अनेक वर्षांचे खाणेपिणे सांगते, वजन अलीकडच्या काही महिन्यांचे. म्हणून दोन्ही हवेत. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सें.मी. वाढते. ४ सें.मी.सुद्धा वाढले नाही, किंवा वजन वाढायचे थांबले, तर डॉक्टरांना दाखवावे.

मोजणे अवघड नाही. पोराला अनवाणी भिंतीला टेकवून उभे करा. टाचा, पाठ भिंतीला लागलेली, नजर समोर. डोक्यावर पुस्तक आडवे, भिंतीशी काटकोनात धरा, पेन्सिलीने खूण करा आणि टेपने मोजा. वजन दर वेळी एकाच काट्यावर, हलक्या कपड्यांत करा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा आणि तारखेसह लिहा. एक आकडा थोडे सांगतो, चार आकडे ओळीने लिहिले की बोलू लागतात.

त्या मुलीला सरकारी दवाखान्यात नेले. रक्त कमी निघाले. जंताचे औषध, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याहून मोठी गोष्ट घरात घडली. सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले खाणारी ही पोर भावाच्या पंगतीला बसू लागली. सहा महिन्यांत वजन दीड किलोने वाढले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून सरकारी शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी ठरलेली आहे. तो आपला हक्क आहे. पालकसभेत उठून विचारा, "गुरुजी, माझ्या लेकीला खरोखर मोजलं का? कधी? काटा कुठे आहे?" आणि घरी पोळी वाढताना मुलगा-मुलगी असा भेद करू नका.