तलावाचे हिरवे पाणी आणि आपले खत

भंडाऱ्याहून तुमसरच्या वाटेला लागलात की वरठी आणि मग मोहाडी लागते. याच मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे. कोशाच्या कापडासाठी गावाचे नाव आहे. पण माग पाहून लगेच माघारी फिरू नका. धानाच्या बांध्यांकडेही या. हा तलावांचा जिल्हा. यांतले अनेक तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले.

अशा कोणत्याही तलावाच्या पाळीवर उभे राहून पाणी पाहा. ते हिरवे आणि दाट दिसले, तर स्फुरद वाढल्याची शंका घ्या. बांधीतून वाहिलेले खत, गोठ्याचे पाणी आणि कपडे धुण्याची पावडर यांतून ते येते. एक ग्रॅम स्फुरदावर सुमारे शंभर ग्रॅम वाळके शेवाळ पोसते. ते कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि ढिवर बांधवांची जाळी रिकामी येतात. काही शेवाळे विषारी असतात. असे पाणी गुरांना पाजू नका.

उपाय स्वस्त आहे. तांबड्या मुरुमातले लोह आणि चुन्यातले कॅल्शियम स्फुरदाला धरून ठेवतात. धानाच्या तुसाचा नुसता कोळसा फारसा उपयोगी नाही. चुन्याच्या निवळीत भिजवून वाळवला, तर कामाचा होतो. नालीचे पाणी तलावात शिरण्याआधी चर खणा आणि त्यात धुतलेला जाड मुरूम भरा. पाणी त्यातून सावकाश झिरपू द्या. मुरुमाची धरण्याची ताकद मर्यादित असते, म्हणून दर उन्हाळ्यात तो काढून नवा भरा. जुना बांधीत पसरा.

मात्र मुरूम तलावातच टाकून मोकळे होऊ नका. बांधीत पाणी तुंबले की मातीतल्या लोहाने धरलेले स्फुरद सुटते आणि धानाला मिळते, हे तुमच्या फायद्याचे. तलावाच्या तळाशी प्राणवायू संपला की तेच घडते. तिथे मात्र ते शेवाळाला मिळते.

आणि चर खणण्याआधी आपली बांधी सांभाळा. माती तपासून लागेल तेवढेच स्फुरद द्या. ते चिखलणीत मातीत मिसळा, साचल्या पाण्यावर फेकू नका. त्यानंतर काही दिवस बांधीचे पाणी बाहेर सोडू नका. तलावात गेलेले खत तुमच्याच पैशाचे असते.