खरखर

आमच्या घरी दिवाळीची पहिली चाहूल फराळाच्या वासाने लागत नसे; ती आबांच्या ट्रान्झिस्टरने लागे. नरकचतुर्दशीच्या पहाटे, बंबात पाणी तापण्यापूर्वीच ओसरीवर सनईचे सूर सुरू होत आणि आम्ही पोरे डोळे चोळीत उठत असू. आबांना ऐकण्याचे वेडच होते. मी लहान असताना ते मला दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नेत. विश्वकर्म्याचे हे लेणे. वेरूळला लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. लाकडी छपराच्या वाशांसारख्या फासळ्या तिथे दगडातून कोरल्या आहेत आणि एक शब्द उच्चारला की तो वर जाऊन घुमत राहतो. मी घाईघाईने कविता म्हणू लागलो की आबा हात वर करीत. "थांब. आधीचा शब्द परत येऊ दे. आधी ऐक, मग बोल."

काही वर्षांमागच्या दिवाळीत मात्र ओसरी मुकी होती. ट्रान्झिस्टर कोनाड्यात धूळ खात पडला होता. "रेडिओ लावत नाही का हल्ली?" मी विचारले. "नको वाटतं आता," आबा म्हणाले. मी मनाशी ठरवून टाकले, ऐंशी उलटली, माणसाचा जीव हळूहळू सगळ्यांतून निघतो. मास्तर माणसाला निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. एके काळी तो मागच्या बाकावर बसे आणि "याचे कान डोक्याला नुसते चिकटवलेत," असा शेरा मी त्याला भर वर्गात दिलेला होता. आता तो एका उड्डाणशाळेत लहान विमानांच्या विजेच्या दुरुस्तीचे काम करतो. "विमानात नेमके करतोस तरी काय?" मी चकली पुढे करीत विचारले.

"खरखर शोधतो, सर."

मला हसू आले, पण त्याने सांगितलेले ऐकल्यावर ते मावळले. लहान विमानाच्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. त्यावर मॅग्नेटो नावाची दोन यंत्रे असतात. ती फिरता फिरता स्वतःच वीज निर्माण करतात आणि प्रत्येक सिलिंडरमधल्या दोन-दोन प्लगांत ठिणग्या पाडतात. आता ठिणगी ही रेडिओची आद्य जननी! जर्मनीत हर्ट्झने १८८७ च्या सुमारास रेडिओलहरी निर्माण केल्या त्या ठिणगीने. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी बिनतारी प्रयोग दाखवले तेही ठिणगीनेच. त्यांनी जे मुद्दाम केले ते विमानातला प्रत्येक प्लग कोणी न सांगता करीत असतो. म्हणून त्याच्या तारांवर धातूच्या जाळीचे वेष्टन घालतात. त्या जाळीचे एखादे टोक सुटले की वैमानिकाच्या कानात टरटर सुरू.

"मग शोधता कसे?"

"आवाज ओळखायचा. टरटर इंजिनाच्या वेगाबरोबर वाढली की आधी मॅग्नेटोवर संशय. शिट्टीसारखा सूर वेगाबरोबर चढला-उतरला तर अल्टरनेटर. दिवा लुकलुकतो त्याच तालात टिकटिक आली, तर तो दिवाच. मग जमिनीवर उभे राहून एकेक बटण बंद करून बघायचे. अँटेनाची तार सोडवूनही बघायची. खरखर थांबली तर ती हवेतून येते. नाही थांबली तर आतल्या तारांतून."

एकदा म्हणे तीन दिवस शोध चालला होता. रेडिओच बदलावा, असे सगळ्यांचे मत पडले होते. शेवटी एका वॉशरखाली रंगाचा पापुद्रा निघाला. तो खरवडून स्वच्छ धातूला धातू भिडवला आणि खरखर गेली.

"एवढी उठाठेव कशाला?" मी म्हणालो. "थोडी खरखर चालायचीच."

"सर, पोरगं पहिल्यांदा एकटं वर जातं. शेजारी शिकवणारा नसतो. खालून 'थांबा' म्हणाले की 'उतरा' म्हणाले, ते त्याला त्या खरखरीतूनच ऐकायचं असतं. आणि एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघे एकदम बोलले की नुसती किंचाळी ऐकू येते. म्हणून पहिला धडा हाच, की बटण दाबण्याआधी ऐकायचं."

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेले आबा एकदम सावरून बसले. "विमानातसुद्धा खरखर येते? म्हणजे ती यंत्रात असते?" मग ते खाली बघून म्हणाले, "मला वाटलं, माझे कान गेले."

कोणी काही बोलले नाही. पोराने उठून ट्रान्झिस्टर काढला, पुसला, नवे सेल घातले. खरखर होतीच, आणि ती आम्हां सर्वांना ऐकू येत होती! "याच्या पोटात फेराइटचा दांडा असतो," तो म्हणाला. "दांड्याचं टोक खरखरीच्या उगमाकडे झालं की ती सगळ्यात कमी ऐकू येते." रेडिओ हातात घेऊन तो ओसरीभर गोल फिरू लागला. मी आकाशकंदिलावर संशय घेतला. तो विझवला, फरक पडला नाही. मोबाइलचा चार्जर काढला, तरी तेच. मग त्याने आबांच्या खाटेवरचा दिवा बंद केला.

अंधारात एक स्वच्छ आवाज श्रोत्यांना दिवाळीच्या शुभेच्छा देत होता.

तो दिवा मी लावला होता. रात्री आबा अडखळू नयेत म्हणून त्या उन्हाळ्यात जुना पिवळा दिवा काढून स्वस्तातला एलईडी आणला होता. अशा दिव्याच्या आत एक चिमुकले मंडल असते. ते सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करते, आणि त्याचा गोंगाट गाळण्याची सोय स्वस्त दिव्यात बहुधा नसते. सहा महिने आबांच्या कानाशी तो गोंगाट चालला होता. त्यांनी तो आपल्या म्हातारपणाच्या खात्यावर टाकला. मीही तेच केले. फरक इतकाच, की त्यांना दुसरे काही ठाऊक नव्हते, आणि मी नीट विचारलेच नव्हते.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातले रेडिओसंदेश टिपतात. तिथल्या शास्त्रज्ञांनाही विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा उपद्रव होतो, असे तो पोरगा जाताना सांगत होता. तारे ऐकायचे तरी आधी जवळच्या तारा तपासाव्या लागतात.

त्याला निरोप द्यायला मी फाटकापर्यंत गेलो. त्या जुन्या शेऱ्याबद्दल काहीतरी बोलावे, असे फार मनात होते. "तुझे कान चांगले आहेत रे," एवढेच म्हणालो. तो हसला. "मागच्या बाकावर पंख्याचा आवाज फार यायचा, सर."

परत आलो तेव्हा ओसरीवर पणत्यांचाच उजेड होता. आबा ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसले होते. मी काही बोलणार, तोच त्यांनी हात वर केला.

मी थांबलो.