समंदर आणि टँकर

आमच्या शाळेत समुद्र पाहिलेली मुलं थोडी. ज्यांनी पाहिला, त्यातल्या बहुतेकांनी तो हाजी अलीला पाहिला. घरच्यांबरोबर मुंबईला गेले, दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली होती, म्हणून काठावर थांबले. पाणी उतरल्यावर जियारत झाली. भरती-ओहोटीशी त्यांची ओळख एवढीच. पण ती लहान नाही.

बीड जिल्ह्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मी शिकवते. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. उर्दूत तिला ‘मद्दोजज़र’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द पोहोचला तो हालींच्या ‘मुसद्दस’मुळे, 1879 सालच्या त्या काव्याच्या नावातच तो आहे. तिथं तो कौमच्या चढ-उताराबद्दल येतो. मुलांना मात्र आधी पाण्याचा चढ-उतार कळायला हवा.

या धड्याच्या निमित्तानं मी पालकसभेत मुंबईच्या सहलीचा विषय काढला. दरसाल ऊसतोडीला जाणारे एक वडील उठले आणि म्हणाले, “मॅडम, समंदर का क्या करना? टँकर कब आता वो सिखाओ बच्चों को.” सभेत हशा पिकला. मला हसू आलं नाही. ज्याच्या घरी उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी रांग लावावी लागते, त्याचा हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर शिक्षकानं द्यायला हवं.

उत्तर असं की टँकर धरणावर किंवा विहिरीवर भरतो, धरण-विहीर पावसानं भरते आणि पावसाचे ढग समुद्रावरून येतात. सह्याद्री चढताना ते बरंचसं पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर सांडतात. आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मग दुष्काळी जिल्ह्यातल्या मुलाला समुद्र कळण्याची गरज कोकणातल्या मुलापेक्षा कमी कशी?

पाण्याचा परतीचा रस्ताही आपल्या दारातून जातो. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेला मिळते. सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीत जाते. गोदावरी पुढं नांदेड, तेलंगण करत आंध्रात उतरते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. तिथं काकीनाड्याजवळ कोरिंगाचं कांदळवन आहे. गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं, झाडांची मुळं गाळ धरून ठेवतात, त्या आडोशाला मासळी आणि कोळंबीची पिल्लं वाढतात. खाडी म्हणजे मुंबई-कोकणातली गोष्ट, असं मुलं समजतात. आपल्या नदीचं मुख, उर्दूत ‘दहाना’, थेट पूर्व किनाऱ्यावर आहे हे नकाशावर बोट फिरवून दाखवलं की ती चकित होतात. मग बिंदुसरेत फेकलेली प्लास्टिकची पिशवी कुठवर जाऊ शकते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

भरतीचा हिशेब तर आपल्या घरात टांगलेला आहे. इस्लामी कॅलेंडर चंद्रावर चालतं, भरतीही चंद्रावर. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती येते. म्हणून शबे बरातच्या सुमाराला समुद्र जास्त चढतो. चंद्र अर्धा दिसतो तेव्हा भरती मंद असते. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. चाँदची तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागं असते, तेवढे मिळवून घ्यायचे. चाँदची 3 असेल तर दोन मिळवून पाच. पाऊणपट म्हणजे पावणेचार. त्या सुमारास मुंबईला भरती. वर्गातल्या मुलींनी हा हिशेब पटकन उचलला. फोनवरच्या तक्त्याशी ताडून पाहतात आणि थोडा फरक पडला तर का पडला म्हणून माझ्याशी वाद घालतात.

मुंबईत समुद्राची ओळख करून देणारं काम चांगलं चाललं आहे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी 2017 पासून ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर नेतात, खेकडे, समुद्रफुलं, प्रवाळ दाखवतात. हाजी अलीच्या खडकांवरही असे जीव आहेत. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीला वन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीनं रोहित पक्षी पाहता येतात. पण हे सगळं किनाऱ्यावर. आमच्या मुलांपैकी किती जण तिथवर पोहोचणार? ऊसतोडीच्या हंगामात काही तर शाळेतसुद्धा नसतात.

म्हणून माझं मागणं साधं आहे. या मंडळींनी नदीच्या वाटेनं उलटं वर यावं. उर्दूत छापलेलं एखादं माहितीपत्रक, काही चित्रं, बाटलीत भरलेलं खाडीचं पाणी आणि बिंदुसरेच्या काठावर मुलांबरोबर एक दिवस. पालकसभा आम्ही बोलावू. टँकरचा प्रश्न तिथं पुन्हा निघेल, आणि निघावाच.