मात्सुमोतोची तीन मिनिटे

जपानच्या नागानो प्रांतात, हिमाच्छादित शिखरांच्या कुशीतील एका खोऱ्यात मात्सुमोतो हे शहर वसले आहे. शहराच्या मध्यभागी खंदकाच्या पाण्यात आपले काळे प्रतिबिंब न्याहाळत जुना किल्ला उभा आहे. आत सहा मजले आणि लाकडी जिने. एके ठिकाणी तर जिन्याचा चढ ६१ अंशांचा आहे. त्या उंच पायऱ्यांवर मांड्यांचा खरा कस लागतो.

याच शहरातील शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उतारवयातील नागरिकांसाठी चालण्याची एक पद्धत घडवली. तीन मिनिटे संथ चालायचे, मग तीन मिनिटे दम लागेल इतके झपाझप. अशी किमान पाच आवर्तने, आठवड्यातून किमान चार दिवस. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २४६ स्त्रीपुरुष सहभागी होते. सरासरी वय ६३. पाच महिन्यांनी, या पद्धतीने चालणाऱ्यांच्या गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद १३ टक्क्यांनी आणि वाकवणाऱ्या स्नायूंची १७ टक्क्यांनी वाढली. दमसास सुधारला, वरचा रक्तदाबही उतरला. एकाच मध्यम गतीने दिवसाला किमान आठ हजार पावले चालणाऱ्यांना एवढा लाभ झाला नाही.

कारण साधे आहे. सवयीपेक्षा थोडे अधिक काम पडले, तरच हृदय आणि स्नायू बळावतात. मधल्या संथ मिनिटांमुळे ते काम पेलवते. शिवाय वेग ज्याचा त्याचा असतो. आजोबांचे झपाझप चालणे नातवाला रमतगमत वाटेल. तरी आजोबांच्या हृदयाला ते पुरेसे आहे.

हा प्रश्न केवळ व्यायामाचा नाही. मांड्यांतील बळ ओसरले, की खुर्चीतून उठायला, न्हाणीघराचा उंबरठा ओलांडायला, बसची पायरी चढायला दुसऱ्याचा हात लागतो. ते बळ टिकले, तर स्वावलंबन टिकते.

मात्र हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, चक्कर किंवा तोल जाण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दीर्घकाळ बैठे जीवन जगलेल्यांनी अर्ध्या-एक मिनिटाच्या वेगवान चालीपासून, सपाट वाटेवर आरंभ करावा. सोबतच्या माणसाने घड्याळ सांभाळावे आणि बोलत राहावे. उत्तरे तुटक आली, तर वेग योग्य आहे. बोलणेच खुंटले, तर तो कमी करावा. आणि छातीत दुखू लागले, तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.