सरांनी दिलेले भाजक

कॉलेजातल्या आमच्या गणिताच्या सरांचं माझ्यावर मोठं देणं आहे. त्याचा हिशेब एका संख्येत सांगता येतो: 2147483647, म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1.

तिच्याआधी सरांनी फळ्यावर 2047 लिहिली होती, 2 चा 11 वा घात वजा 1. 11 मूळसंख्या, तेव्हा हीही मूळसंख्याच, असं वर्गानं ठरवून टाकलं. सरांनी शेजारी 23 × 89 लिहिलं. म्हणाले, "दोन्हींतून 1 वजा करा. 11 नं भाग जातो ना? हा योगायोग नाही."

मग 31 ची पाळी. या संख्येचं वर्गमूळ 46340 च्या किंचित पुढे. तिथवर 4792 मूळसंख्या. प्रत्येकीनं भागून बघायचं म्हणजे जन्म जायचा. पण सेंट पीटर्सबर्गला जवळजवळ आंधळ्या झालेल्या ऑयलरनं 1772 मध्ये डॅनियल बर्नुलीला कळवलं, की ही मूळसंख्याच आहे. हिला भाजक असलाच तर त्याला 248 नं भागल्यावर बाकी 1 किंवा 63 च उरणार, हे त्यानं आधी पक्कं केलं होतं. उमेदवार उरले पावणेचारशेच्या आत.

सरांनी ती यादी फुलस्केपवर दोन रकान्यांत मांडली होती. 63 आणि 249 मूळसंख्या नाहीत, म्हणून लाल शाईनं खोडलेल्या. पहिली खरी 311: बाकी 35. त्यानंतरची थेट 1303: बाकी 226. पुढची काही पानं त्यांनी मला करायला दिली, ती कॉलेज सुटल्यावर त्यांच्या टेबलाशी बसून. चूक दाखवायचे नाहीत. "पुन्हा भागा" एवढंच म्हणायचे.

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये आलो, तर 32 बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादा म्हणून हीच संख्या समोर उभी. 1970 पासूनचे सेकंद असे मोजणाऱ्या जुन्या प्रणालींचं घड्याळ 19 जानेवारी 2038 ला, आपल्याकडे सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी तिच्यापाशी अडणार आहे. प्रोग्राममधला दोष हुडकताना मात्र मला ही मर्यादा नव्हे, सरांची यादी कामी आली. आधी जे असूच शकत नाही ते खोडायचं, मगच शोधायला लागायचं. माझी सगळी नोकरी या एका सवयीवर निभावली.

सर आता नाहीत. त्यांचं ऋण पुढच्याला देऊनच फिटेल. तुमच्या घरात आकड्यांत रमणारं पोर असेल तर त्याला 2 चा 23 वा घात वजा 1, म्हणजे 8388607 द्या आणि 46 च्या पाढ्यातल्या प्रत्येक संख्येत 1 मिळवून भागून बघायला सांगा. पहिल्याच भागाकाराला भाजक हाती लागेल. तो का लागला, हे मात्र लगेच सांगू नका.